अंग भरायच्या गोळ्या

मला पाहायला आलेले तिसरे पाहुणे निघाले, तेव्हा त्यांच्यातली एक बाई ओट्यावर चपला घालता घालता म्हणाली, "पोरगी गुणाची आहे हो, पण अंगात काहीच नाही. उद्या पाण्याचा हंडा कसा उचलेल?" तिनं नुकतंच जे पाणी प्यायलं होतं, त्याचा हंडा सकाळी मीच हातपंपावरून आणला होता. पण मुलीनं मध्ये बोलायचं नसतं. मी दाराआड उभी राहिले. पाहुणे एसटीच्या थांब्याकडे वळेपर्यंत माय ओट्यावरून हलली नाही. मग आत आली आणि माझं मनगट हातात घेऊन, आज पहिल्यांदाच दिसल्यासारखं, बघत राहिली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अलीकडे. पावसावर येईल तेवढं पीक: बाजरी, भुईमूग, थोडी नागली. घरात नाना, माय, मी आणि धाकटा भाऊ. खायची ददात नव्हती आणि मी आजारीही नव्हते. भुईमूग उपटायला लागले की बरोबरीच्या मुली मागे पडायच्या. फक्त माझी हाडं दिसायची, गळ्याखालची, कोपरांची, पाठीची. तोवर मला त्यांचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागले.

मायला गावातल्या बायका अक्का म्हणायच्या. तो हातपंप गावात आला तो तिच्यामुळे. नाना नको म्हणत असताना तिनं तालुक्याला खेटे घातले होते. कुणाच्या पोराला शाळेचा दाखला हवा असो की कुणाची बाळंतीण अडलेली असो, बायका आधी तिच्याकडे यायच्या. एखादी गोष्ट मिळते आहे आणि आपल्याला मिळत नाही, हे तिला सहनच व्हायचं नाही.

साक्रीच्या बाजारात एक डॉक्टर बसतो, असं तिला कुणीतरी सांगितलं. डॉक्टर म्हणायचे सगळे त्याला. कापडाच्या पालाखाली टेबल, टेबलावर पांढरी चादर, बाजूला वर उभं राहायचा वजनकाटा आणि पत्र्याची पेटी. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बोलणं मऊ. माझ्याआधी चार-पाच मुली आपापल्या आयांबरोबर थांबल्या होत्या. सगळ्या माझ्यासारख्याच. एकमेकींकडे बघायचं आम्ही टाळत होतो.

त्यानं मला काट्यावर चढवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मायला म्हणाला, "अक्का, पोरीला रोगबिग काही नाही. अन्न अंगाला लागत नाही, एवढंच. महिन्याभरात तुमचीच पोर तुम्हाला ओळखू येणार नाही."

माय हसली. मीही हसले.

कागदाच्या पुडीत दोन तऱ्हेच्या गोळ्या होत्या, बारीक पांढऱ्या आणि गुलाबी. पांढरी सकाळी खाऊन झाल्यावर, गुलाबी रात्री. कसल्या आहेत ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. औषध कसलं आहे हे डॉक्टरला विचारायची आमच्याकडे रीतच नव्हती.

पहिले काही दिवस मी नुसती झोपले. शेतात बांधावर बसले की डोळे मिटायचे. मग भूक लागली. ती साधी भूक नव्हती. जेवून हात धुतले की पुन्हा पोटात खड्डा पडायचा. भाकरी, ठेचा, शेंगदाणे, शिळा भात, जे हाताला लागेल ते. माय टोपलीतून काढून देत राहायची. "अजून एक भाकर ले, पोर," म्हणायची, आणि मी खाताना माझ्याकडे असं बघायची, जसं उगवलेल्या पिकाकडे बघतात.

चेहरा आधी भरला. गालांची हाडं बुडाली, हनुवटीखाली मऊ गोळा आला, गालांवर लाली चढली. मग पोट, मग खांदे. पोलकी उसवावी लागली. हातपंपावर बायका मला धरून वळवून वळवून बघायच्या. "पोरनी तब्येत कशी भरी गयी वं!" एकीनं तर दृष्ट लागू नये म्हणून माझ्या कानामागे काजळ लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी मुद्दाम थांबून बघत होतं. ते सुख मी आजही नाकारणार नाही.

बायकांनी मायला विचारलं आणि मायनं सरळ सांगून टाकलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. पण साक्रीला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, मजुरी बुडायची, आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की एसटीच बंद. "ज्यांना जाता येतं त्यांच्याच पोरींचं भलं व्हावं का?" असं ती नानांना म्हणाली. पुढच्या बाजारी ती डॉक्टरशी बोलून आली आणि येताना गोळ्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्याला हे बरंच वाटलं असणार. त्यानं कुणालाही न तपासता डबा भरून दिला.

तेव्हापासून आमच्या गावात अंग भरायच्या गोळ्या मिळायला लागल्या. माय त्यांवर एक पैसा वर घेत नव्हती. वरच्या आळीतल्या, खालच्या आळीतल्या, पाड्यावरच्या बायका यायच्या. ओट्यावर टेकायच्या, चहा घ्यायच्या आणि पुडी कनवटीला खोचून जायच्या. मुलींपाठोपाठ दोन अशक्त सुनाही घ्यायला लागल्या. गावावर काहीतरी चांगलं उतरलंय असं वातावरण होतं.

मला मात्र माझ्या अंगात काहीतरी वेगळं चाललेलं दिसत होतं. आंघोळीला बसले की पोटावर आणि मांड्यांवर पट्टे दिसायचे, रुंद, वांग्याच्या रंगाचे, कुणी आतून नखं ओढावीत तसे. दाराची कडी जरा लागली तरी हातावर निळा डाग पडायचा आणि तो पंधरवडा जायचा नाही. ओठांवर लव आली. मध्येच पाळी बंद झाली. आणि सगळं अंग भरत असताना हातपाय होते तसेच काड्या राहिले, उलट आणखी बारीक झाले. पूर्वी मी दोन हंडे घेऊन चढ चढायचे. आता जमिनीवरून उठताना हाताचा टेका लागायचा. एकदा मी मायला पट्टे दाखवले. तिनं एका पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अंग लवकर वाढलं की कातडी ताणते, बाई. बाळंतपणात नाही का होत?" ते खरंच वाटावं असं होतं.

माझी एक मैत्रीण होती, वरच्या आळीतली. लहानपणापासून आम्ही बरोबर शेतात जायचो, एकाच बांधावर भाकरी सोडायचो. तिनं माझ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गोळ्या सुरू केल्या. तिचाही चेहरा माझ्यासारखाच गोल झाला. इतका की लांबून लोक आम्हाला बहिणी समजायचे. आम्ही दोघीच नाही, गावातल्या सगळ्याच गोळ्यावाल्या मुली एकसारख्या दिसायला लागल्या होत्या. एका लग्नात आम्ही सहा-सात जणी ओळीनं पंगतीला बसलो होतो. वाढायला आलेला एक पाहुणा थबकला आणि म्हणाला, "काय हो, या सगळ्या एकाच घरच्या का?" सगळे हसले. मी ओळीकडे वळून पाहिलं आणि हातातला घास परत पानात ठेवला.

सरपण आणायला गेलेली असताना मैत्रिणीच्या पायात बाभळीचा काटा गेला. काटे आम्हाला नेहमीचेच; सुईनं काढायचा, हळद दाबायची, संपलं. तिचा काटा निघाला, पण जखम मिटेना. पाय सुजला, काळसर झाला, पू वर चढत गेला. सुरुवातीला तिला फारसं दुखतही नव्हतं, हेच सगळ्यांना चांगलं वाटलं. ताप भरला तेव्हा तिला साक्रीला नेलं, तिथून धुळ्याला. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झाकून.

तोंडावरचं कापड काढलं तेव्हा चेहरा तसाच गोल, तसाच भरलेला. रडता रडताही बायका तिच्या भरलेल्या अंगाचंच बोलत होत्या, "कशी भरेल पोर व्हती वं, कशी भरेल!" काटा विषारी असणार, असं ठरलं. दहाव्यानंतर तिची आई आमच्या ओट्यावर आली आणि उरलेल्या गोळ्यांची पुडी मायच्या हातात देऊन म्हणाली, "कोणले तरी कामले येतीन." कुणाच्या तरी उपयोगी पडतील. मायनं ती पुडी डब्यात टाकली.

त्याच थंडीत माझं लग्न ठरलं. स्थळ चाळीसगावचं होतं, बियाण्यांचं दुकान असलेलं घर. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझा गाल दोन बोटांत धरला आणि लगेच पसंती सांगितली. हे, म्हणजे माझे यजमान, खाली मान घालून बसले होते. लग्न लागून सासरी निघताना मायनं शेवटची पुडी माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी ठेवली. "एवढ्या संपव आणि मग बास," म्हणाली. "आता काय गरज? आणि सासरी कुणाला सांगू नको. म्हणतील, पोर औषधावर पोसलेली आहे."

पुडी संपली. मी गोळ्या सोडल्या.

सुरुवात थकव्यानं झाली. नवं घर, नवी माणसं, म्हणून असेल, असं मी मनाशी म्हणायचे. मग भूक गेली, इतकी की वरणाच्या वासानं मळमळायला लागलं. सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे काळोख यायचा आणि भिंत धरावी लागायची. गुडघे, मनगटं ठणकायची. सासूबाईंनी माझ्या उलट्या ऐकल्या आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "गोड बातमी दिसतेय." पाळी तर कधीचीच चुकलेली होती. त्यांनी माझ्यासाठी कैरी आणवली, मला जड उचलू देईनात. घरातले सगळे खूश होते. मी दिवसेंदिवस आत कुठेतरी विझत चालले होते आणि माझ्याभोवती लोक बाळाच्या नावांची चर्चा करत होते.

एका सकाळी मागच्या अंगणात कपडे धूत असताना थंडी वाजून आली. उठायला गेले ती उठलेच नाही. पाण्याचा नळ चालू आहे हे ऐकू येत होतं, पण तो बंद करायला हात हलत नव्हता. सासूबाईंची हाक फार लांबून आल्यासारखी वाटली.

सरकारी दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. वयानं फार मोठ्या नसाव्यात, पण आवाजात जरब होती. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, नर्सला सलाइन लावायला सांगितलं. मग माझी साडी थोडी बाजूला करून पोटावरचे पट्टे पाहिले. माझ्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं, काड्यांसारख्या हातांकडे पाहिलं.

"कसल्या गोळ्या घेत होतीस?"

सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी मान हलवून नाही म्हटलं.

"दमा होता? सांधे धरले होते?"

"नाही."

त्या मागे न बघता म्हणाल्या, "आजी, जरा बाहेर बसता का? मला हिला तपासायचंय." सासूबाई गेल्या. दार लागलं. डॉक्टर माझ्या कानाशी वाकल्या. "हे बघ, तू कुणाला काय वचन दिलंस ते मला माहीत नाही. पण तू सांगितलं नाहीस तर आज संध्याकाळनंतर तुला कुणी वाचवू शकणार नाही."

मायचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तिनं पुडी साड्यांखाली सरकवली होती तो हात आला. मग मी सांगितलं. पांढऱ्या आणि गुलाबी. बाजारातल्या. वर्ष होऊन गेलं.

"बंद कधी केल्या?"

"आल्यावर काही दिवसांनी."

त्यांनी माझ्या दंडात, मग सलाइनच्या नळीत इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत मला माझे हात पुन्हा माझे वाटायला लागले. संध्याकाळी मी पेज मागितली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि मला समजेल अशा भाषेत बोलल्या. गुलाबी गोळी नुसती भूक आणि झोप आणणारी होती; पांढरी मात्र फार जोरकस औषध होतं. मरणाच्या दारातल्या माणसाला ते वाचवतं, पण रोज उगाच घेत राहिलं तर शरीर स्वतःजवळचं तसलं द्रव्य बनवायचंच सोडून देतं. वरून अंग फुगतं, आतून माणूस पोकळ होतो. जखम भरत नाही, ताप आला तर झेपत नाही. आणि ती गोळी एकदम सोडली, तर मी पडले तसं माणूस पडतं.

मग त्यांनी एक गोळी माझ्या हातावर ठेवली. तशीच बारीक, पांढरी.

मी हात मागे घेतला. "हीच?"

"हीच म्हण. पण आता मी देणार, आणि हळूहळू काढून घेणार. घाबरू नकोस."

मला भीती गोळीची नव्हती. जखम भरत नाही, हे त्या म्हणाल्या तेव्हाच मला तो बाभळीचा काटा आठवला होता. आणि पाठोपाठ आमच्या घरातला बिस्किटांचा डबा. आम्ही पंगतीला ओळीनं बसलो होतो ते. "बाई," मी म्हटलं, "आमच्या गावात खूप जणी घेतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

मी बोटांवर मोजायला लागले आणि बोटं संपली.

सासूबाईंना सगळं कळलं, कळणारच होतं. बाळ नव्हतं हे कळल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग इतकंच म्हणाल्या, "आम्ही पसंत केली ती पोरगी वेगळीच होती." ते खरं होतं. यांनी मात्र मला चालता यायला लागल्यावर विचारलं, "गावाला जायचं का?" मी हो म्हटलं. यांनी दुकान भावावर सोपवलं.

आम्ही पोचलो तेव्हा माय ओट्यावर सुपात भुईमूग निवडत होती. तिला वाटलं, मी माहेरपणाला आले. मी आत नेऊन सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं डबा खाली काढला. त्यात तळाशी थोड्याच पुड्या होत्या. "तो डॉक्टर मागच्या दोन बाजारांना आलाच नाही," ती म्हणाली. "बायका रोज विचारतात. कुणाकुणाच्या संपल्या."

तेव्हा माय, मी आणि हे, आमच्या तिघांच्याही लक्षात आलं की गोळ्या चालू राहिल्या तरी वाईट होतं, आणि आता त्या आपोआप बंद पडत होत्या, ते त्याहून वाईट होतं.

माय त्याच दुपारी घरोघर निघाली. मी बरोबर. सगळ्यांना एकच सांगायचं होतं, पोरींना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरला गोळ्या दाखवायच्या. पहिल्या घरी आमचं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. दुसऱ्या घरी साखरपुडा झालेला होता. पोरीला दवाखान्यात नेलं हे कळलं तर मोडेल, म्हणाले. तिसऱ्या घरातली बाई माझ्यावरच तडकली. "तुझं लग्न झालं ना? मग आमच्या पोरींच्या आडवी का येतेस?" तिच्या मागे तिची मुलगी खांबाला टेकून उभी होती. तिनं खांबाचा आधार कसा घेतला होता, ते मी ओळखलं.

चौथ्या घराकडे वळताना मैत्रिणीची आई आमच्या मागून चालत येताना दिसली. तिला कुणी सांगितलं होतं ते ठाऊक नाही. ती मायसमोर येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. मायनं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही हात उचलणार. पण ती आमच्या पुढे झाली, चौथ्या घराच्या दारात उभी राहिली आणि आतल्या बाईला म्हणाली, "मनी पोर गयी. तुमनी तरी जावाले नको." माझी गेली, तुमची तरी जायला नको.

तिच्या तोंडावर दार लावायची हिंमत कुणाला झाली नाही. ती पहिल्या तीन घरांतही जाऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत आमच्याबरोबर अकरा मुली होत्या, आणि त्या दोन सुनाही. मागच्या बाकावर एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून बसलेल्या, सगळ्यांचे चेहरे गोल. कंडक्टर तिकिटं फाडताना दोनदा थांबला.

त्या सगळ्या वाचल्या. वर्षभर हळूहळू गोळी उतरवत नेली; चेहरे पुन्हा उतरले, एकीची सोयरीक खरंच मोडली. मीही पूर्वीइतकीच हाडकुळी झाले. सासूबाई पुढे बोलायला लागल्या, पण माझा गाल त्यांनी पुन्हा कधी धरला नाही. हे एकदाच म्हणाले, "मला तर तू आत्ताच ओळखू येतेस," आणि दुकानात निघून गेले.

साखरपुडा झालेल्या घरानं पोर पाठवली नव्हती. लग्न वेळेवर लागलं, मुलगी गुजरातच्या हद्दीकडे दिली. अंगाची हळद उतरायच्या आत ती गेल्याचा निरोप आला. उलट्या झाल्या, म्हणाले, उन्हाळा बाधला.

नाना साक्रीला जाऊन त्या माणसाला शोधून आले. त्याच्या जागी प्लास्टिकच्या बादल्या विकणारा बसला होता. कुणी म्हणालं तो नवापूरकडे गेला, कुणी म्हणालं भडगावच्या बाजारात दिसला.

मायनं डबा दवाखान्यात देऊन टाकला होता. पण तिचं नाव पंचक्रोशीत पसरलेलं होतं, ते परत घेता येत नव्हतं. पुढे कितीतरी महिने लांबलांबच्या गावांहून बायका यायच्या, मागे एखादी बारीक मुलगी पदरात तोंड लपवून. "अक्का, आठे गोळ्या भेटतस ना?" इथे मिळतात ना, म्हणून विचारायच्या. माय त्यांना बसवायची, पाणी द्यायची आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगायची, माझं, मैत्रिणीचं, गुजरातकडे दिलेल्या पोरीचं. एकीचंही नाव न गाळता. बायका डोळ्यांना पदर लावून ऐकायच्या. मग उठायच्या, मुलीचा हात धरायच्या आणि पायऱ्या उतरताना आवाज खाली करून विचारायच्या, मग आता कुठे मिळतात?